गाडीतला ‘युरिया’ वेगळा, शेतातला वेगळा! बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नेमकं काय चालतं?

डिझेल फुल्ल आहे, ऑइल गेल्याच महिन्यात बदललंय, गाडीला तीन वर्षंही झाली नाहीत. तरी भरलेली गाडी चढावर ओढ देत नाही आणि मीटरवर पिवळा दिवा पेटलेला. ड्रायव्हर वर्कशॉपला फोन लावतो. तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘युरिया टाकलाय का?’ आणि लगेच दुसरा, ‘कुठला टाकलाय?’

हा दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे, अगदी शब्दशः. जिल्ह्यात ऊस, दूध, डाळिंब, वाळू-खडी वाहणाऱ्या गाड्या, शाळेच्या बसेस, नव्या एसटी, सगळीकडे आता बीएस-६ डिझेल इंजिनं आली आहेत. यातल्या बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात जे पाण्यासारखं द्रव टाकतात त्याचं नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, थोडक्यात डेफ. काही जण त्याला ॲडब्लू म्हणतात. ते जर्मनीतल्या वाहन उद्योग संघटनेच्या मालकीचं व्यापारी नाव आहे. पण आपल्याकडे ट्रकवाले सरळ ‘युरिया’ म्हणतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

डेफ हे इंधन नाही

डेफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो आणि बाकी ६७.५ टक्के क्षार काढलेलं पाणी. बस्स, तिसरं काही नाही. ते इंजिनात जात नाही, डिझेलमध्ये मिसळत नाही, ॲव्हरेज वाढवत नाही. ते जातं थेट सायलेन्सरमध्ये, म्हणजे डिझेल जळून गेल्यावर जो धूर बाहेर पडतो त्याच्यावर फवारलं जातं.

का फवारायचं, हे समजायला चुलीचं उदाहरण घ्या. ओलं सरपण घातलं की चूल धुमसते, काजळी धरते. वाळकं सरपण आणि भरपूर हवा मिळाली की जाळ स्वच्छ आणि कडक लागतो. डिझेल इंजिनाचंही तसंच. आत जाळ मंद असला की काळा धूर, काजळी जास्त. जाळ कडक केला की काजळी कमी होते, ॲव्हरेजही सुधारतं. पण त्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. मेकॅनिक लोक याला ‘नॉक्स’ म्हणतात. नॉक्स डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण फुप्फुसांना झोंबतो. शिवाय उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन वायू बनतो, जो गव्हासारख्या पिकाचंही नुकसान करतो. काजळी कमी करायला गेलं की नॉक्स वाढतो आणि नॉक्स कमी करायला गेलं की काजळी. हा तिढा एकट्या इंजिनात सुटत नाही, म्हणून तो सायलेन्सरमध्ये सोडवावा लागतो.

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. मधला बीएस-५ चा टप्पा सरकारने गाळूनच टाकला. त्याच वेळी डिझेलमधलं गंधकही ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आणलं, कारण गंधक जास्त असेल तर नव्या सायलेन्सरमधल्या वस्तू टिकत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात गाडी प्रयोगशाळेत नाही तर प्रत्यक्ष रस्त्यावर किती धूर सोडते तेही तपासायचं ठरलं. त्यानंतर डेफची टाकी असलेल्या डिझेल कारही वाढल्या.

सायलेन्सर नव्हे, छोटा कारखाना

जुन्या गाडीचा सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करणारा पत्र्याचा डबा. बीएस-६ मध्ये त्याच जागी तीन-चार कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात न जळालेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकलं जातं. दुसरा कप्पा म्हणजे डीपीएफ, काजळीची गाळणी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची ही गाळणी असते. तिच्यात एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला भिंतीतून झिरपूनच पुढं जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. पांढरा रुमाल बीएस-६ च्या नळकांड्यावर धरला तरी काळा होत नाही, तो या गाळणीमुळे.

त्यानंतर डेफचा फवारा. गरम धुरात युरियाचं अमोनियात रूपांतर होतं. तिसऱ्या कप्प्यात, ज्याला एससीआर म्हणतात, हा अमोनिया नॉक्सला भेटतो आणि दोन्ही मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. नायट्रोजन तर आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के असतोच. उरलासुरला अमोनिया पकडायला शेवटी आणखी एक छोटा कप्पा असतो.

जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. डेफ किती आहे, कुठल्या प्रतीचं आहे, नॉक्स खरंच कमी होतोय का, हे सगळं गाडी स्वतःच तपासते. एवढा अविश्वास कशासाठी, असं वाटेल. पण २०१५ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत तपासणीच्या वेळेपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर टाकल्याचं उघड झालं. भारतातही कंपनीला तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर जगभरात नियम कडक झाले ते उगाच नाही.

दोन रुपये लिटरचा मोह

आता मुख्य मुद्दा. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. कागदावर हिशोब केला तर एका गोणीत साधारण १२५ लिटर डेफ ‘बसतं’, म्हणजे लिटरला दोन रुपये. बाजारात डेफ त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणून बॅरलमध्ये बोअरचं पाणी, त्यात गोणी, काठीने ढवळलं की झालं, असा सल्ला देणारे धाब्याधाब्यावर भेटतात. काही ठिकाणी बिनलेबलचे कॅनही याच पद्धतीने भरले जातात.

हा सल्ला का बुडवतो, ते आकड्यांत बघा. शेतीच्या युरियात बाययुरेट नावाचा घटक दीड टक्क्यापर्यंत चालतो. डेफमध्ये त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. शेतीचा सगळा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. पिकाला नत्र हळूहळू मिळावं आणि युरिया कारखान्यांकडे वळू नये, हे त्यामागचं कारण. तो तेलकट लेप डेफच्या पंपात आणि केसाएवढ्या बारीक नोझलमध्ये जाऊन बसतो.

आणि पाणी? डेफमध्ये कॅल्शियम किलोमागे अर्धा मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातच कॅल्शियम लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे पिण्यासाठी उत्तम असलेलं पाणीसुद्धा डेफच्या हिशोबाने दीडशे पट खारं. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या बोअरचं पाणी तर विचारूच नका. तिथे घागरीच्या तळाला पांढरा थर धरतो, तोच थर एससीआरच्या जाळीवर धरतो. आरओचं पाणीही पुरेसं शुद्ध नसतं.

सुरुवातीचे काही दिवस गाडी चालतेही, म्हणून सल्ला देणाऱ्यावर विश्वास बसतो. मग नोझल चोकअप होतं, पंप जातो, शेवटी जाळीच निकामी होते. मोठ्या गाडीत हा खर्च हजारांत थांबत नाही, लाखांत जातो, आणि चुकीचं द्रव सापडलं की वॉरंटी मिळत नाही.

कायद्याची बाजूही आहे. अनुदानाचा युरिया शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं हा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग आहे आणि त्यावर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होते. सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. खरिपात युरियासाठी सोसायटीच्या दारात पहाटे रांग लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको की गाडीत गेलेली गोणी कुणाच्या तरी वावरातून गेलेली असते.

उलट बाजूही बघा. २०२१ च्या शेवटी चीनने युरियाची निर्यात आवळली तेव्हा दक्षिण कोरियात डेफचा तुटवडा झाला, ट्रकवाल्यांच्या रांगा लागल्या, सरकारला विमानाने डेफ मागवावं लागलं. खत आणि वाहतूक आता एकाच पदार्थाला बांधली गेली आहेत.

चांगलं डेफ ओळखायचं कसं?

कॅनवर ‘आयएसओ २२२४१’ हा आकडा, बनवल्याची तारीख आणि बॅच नंबर असला पाहिजे. सील शाबूत हवं. आणि रंग बघा. नाव ‘ब्लू’ असलं तरी खरं डेफ पाण्यासारखं नितळ असतं. निळा, पिवळा रंग दिसला, तळाला गाळ दिसला, की घेऊ नका. जास्त गाड्या असणाऱ्यांनी रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण ठेवावं; एक थेंब टाकला की युरियाचं प्रमाण दिसतं. मात्र त्यात फक्त प्रमाण कळतं, शुद्धता नाही. गोणीतला युरिया मोजून घातला तरी ते ३२.५ दाखवेल.

साठवणीचं आपल्या भागात जास्त बघावं लागतं. डेफ २५ अंशांखाली दीड वर्ष टिकतं, ३० अंशांला एक वर्ष आणि ३५ अंशांला फक्त सहा महिने. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तेव्हा स्वस्त मिळालं म्हणून वर्षाचं डेफ भरून ठेवू नका. सावलीत, प्लॅस्टिकच्या मूळ कॅनमध्येच ठेवा. लोखंड, तांबं, पितळ यांना डेफ खातं, आणि तो गंज पुन्हा गाडीतच जातो. डिझेल मोजायचं माप, ऑइलचं नरसाळं डेफला वापरू नका, वेगळं ठेवा. अंगावर सांडलं तर घाबरायचं कारण नाही, पाण्याने धुवा. गाडीवर सांडलं तरी लगेच धुवा, नाहीतर पांढरे खडे धरतात.

खप किती? साधारण १०० लिटर डिझेलला ४ ते ६ लिटर डेफ धरा. गाडी, भार, रस्ता यावर कमी-जास्त होतं. लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या ट्रकला २० लिटरची बादली अंदाजे दीड हजार किलोमीटर पुरते. खप एकदम वाढला तर गळती बघा. आणि काटा महिनाभर हललाच नाही तर खूश होऊ नका. फवारा बंद पडलाय असा त्याचा अर्थ.

डेफ संपत आलं की गाडी आधी दिवा दाखवते, मग ताकद कमी करते, तरीही भरलं नाही तर ट्रक बैलगाडीच्या चालीने चालतो. कारमध्ये तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. रात्री घाटात हा प्रसंग यायच्या आत, पहिल्या दिव्यालाच डेफ भरून घ्या.

दिंडीच्या ट्रकचा त्रास वेगळा

परदेशात मोटरहोम नावाची गाडी असते. चाकावरचं घरच; झोपायला, स्वयंपाकाला आतच सोय. तिथल्या लोकांची डेफ आणि गाळणीबद्दल ठराविक तक्रार असते, की गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, किंवा उभ्या जागी इंजिन चालू ठेवावं लागतं आणि मग दिवे पेटतात. आपल्याकडे वारीतला दिंडीचा ट्रक हे त्याच्या जवळचं उदाहरण. आत सामानसुमान, वर ताडपत्री, मागे पाण्याची टाकी. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर हा ट्रक दोन-अडीच आठवड्यांत कापतो. दिवसाला सरासरी पंधरा किलोमीटरच्या आसपास, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गर्दीत थांबत थांबत. कारखान्याच्या यार्डात इंजिन चालू ठेवून नंबराची वाट बघणारा उसाचा ट्रक, दर अर्ध्या किलोमीटरला थांबणारा दुधाचा टेम्पो, यांचीही गत तीच.

याचं कारण असं की गाळणीत अडकलेली काजळी कुठे तरी जायला हवी. गाडी हायवेवर भार घेऊन पळते तेव्हा सायलेन्सर तापतो आणि काजळी आपोआप जळत राहते. गाडी तापतच नसेल तर गाळणी भरत जाते. मग गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून गाळणी ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून काढते. याला रिजनरेशन म्हणतात. अर्धा-पाऊण तास लागतो. दिवा दिसतो, इंजिनाचा आवाज थोडा चढतो, गरम वास येतो. बरेच जण ‘गाडी गरम झाली’ म्हणून नेमकी तेव्हाच बंद करतात. असं चार-पाचदा झालं की गाळणी ठार बंद. काही इंजिनांत न जळालेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर ते शुभ लक्षण नव्हे, ऑइल बदला.

गार सायलेन्सरमध्ये डेफचं पूर्ण अमोनियाही होत नाही, नोझलपाशी पांढरे खडे साठतात. म्हणून विनाकारण इंजिन चालू ठेवू नका, आणि गाळणीचा दिवा लागला की भार असो-नसो, मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एका चालीत गाडी पळवा. वारीत ते शक्य नसेल तर मुक्काम हलायच्या आधी पहाटे रस्ता रिकामा असतो तेव्हा उरकून घ्या.

काही गाड्यांत उभ्या जागी रिजनरेशन करायचं बटण असतं. इथे जपून. त्या वेळी नळकांड्यातून निघणारी हवा वाळलेलं गवत पेटवण्याइतकी तापू शकते. उसाच्या फडात पाचटावर, कडब्याच्या गंजीजवळ, दिंडीच्या कापडी मंडपाला किंवा गॅसच्या शेगडीला लागून गाडी उभी असताना ते बटण दाबू नका. उघड्या मुरमाड जागेवर, माणसं आणि जनावरं लांब ठेवून करा. आणि बीएस-६ चा धूर दिसत नाही, वास येत नाही म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका. तो धूर स्वच्छ असला तरी श्वास घ्यायची हवा नव्हे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी ड्रायव्हरला कुणी सांगत नाही. चावी बंद केल्यावर डेफचा पंप नळीतलं उरलेलं डेफ परत टाकीत ओढतो. त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. चावी काढल्या काढल्या बॅटरीचा कटआउट खाली पाडला तर डेफ नळीतच वाळतं आणि खडा होऊन बसतं. थोडं थांबा, मग कटआउट पाडा.

‘डेफ बंद करून देतो’ म्हणणारे

लॅपटॉप लावून सेन्सरला चकवणारा डबा बसवून देणारे मेकॅनिक आहेत. ‘पीयूसीत काही कळत नाही’ असं ते सांगतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजत नाहीत, हे खरंच आहे. पण गाडीत असा बदल करणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. कंपनीची वॉरंटी जाते, गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक पाडून मागतं, आणि पुन्हा पूर्ववत करायचा खर्च वाचवलेल्या डेफपेक्षा मोठा.

चुकून उलटंसुलटं भरलं तर

अंधारात, घाईत डेफच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत डेफ ओतलं जातं. तसं झालं तर एकच काम करा: चावी लावू नका. स्टार्टर मारायचा तर नाहीच, नुसती चावी फिरवली तरी पंप चालू होऊन चुकीचं द्रव पुढे जातं. गाडी जागेवरून ओढून न्या. चावी लागली नसेल तर टाकी रिकामी करून धुण्यावर भागतं. डिझेलने डेफच्या यंत्रणेतले रबरी सील फुगतात, आणि डेफ डिझेलमध्ये गेलं तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं गंजायला लागतं.

ट्रॅक्टरला लागतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ट्रॅक्टरला बीएस-६ लागू नाही, त्याचे नियम वेगळे आहेत. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम-४’ नियम लागू झाले. आपल्याकडचे बहुतांश ट्रॅक्टर त्याच्या खालचे आहेत आणि त्यांना डेफ लागत नाही. उलट काही बीएस-४ ट्रकनाही डेफ लागायचं, त्यामुळे जुनी गाडी घेताना नुसतं सालावर जाऊ नका. डिझेलच्या टाकीच्या आसपास निळं झाकण आहे का ते बघा. कारमध्ये ते डिझेलच्या झाकणाशेजारी, काहींत डिकीत किंवा बॉनेटखाली असतं. कुठेच निळं झाकण नसेल आणि कंपनीच्या पुस्तकातही डेफचा उल्लेख नसेल, तर त्या गाडीला ते लागत नाही. पंपावरच्या पोऱ्याने कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.